करांगसारीचा अर्धा फोटो

"बू वेनिंग, चौकशी अशी काही नाही, नुसती सही हवी आहे," ब्रामांत्यो फोनवर म्हणाले. "पंपवाल्यानं इशारा पाठवलाच नाही. घाबरून पळाला. वस्तीत एक म्हातारी बुडाली. पोलिसांना बाहेरच्या जाणकाराचा अहवाल लागतो, एवढंच."

ब्रामांत्यो इंडोनेशियातल्या सेमारांगच्या किनाऱ्यावरच्या पूर-सूचना केंद्राचे प्रमुख. वेनिंग, तिकडच्या रिवाजानं ‘बू’ म्हणजे बाई, नेटवर्कची जाणकार, बिघाडाचं मूळ शोधणं हा तिचा धंदा. सही आधी ठरलेली आणि तपास नंतर, ही उलटी वरात तिला मुळीच आवडली नाही. तिनं केंद्राऐवजी आधी त्या बुडालेल्या वस्तीची, करांगसारीची वाट धरली.

भरतीचं पाणी ओसरलं होतं, चिखल तसाच होता. पंपघराच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं ‘खुनी’ लिहून ठेवलं होतं. तिथंच पंपवाला सार्मिदी, आदरानं ‘पाक’ सार्मिदी, बसला होता. बुडालेली रुक्मीआजी मासे वाळवून विकायची. सार्मिदीची आई गेल्यावर त्याला तिनंच जेवू घालून वाढवलं होतं. तिच्या दफनाला वस्तीनं त्याला उभं केलं नव्हतं, आणि आता तुरुंग समोर दिसत होता.

"इशाऱ्याचं बटण दाबलं होतं?" वेनिंगनं विचारलं.

"दाबलं. पडद्यावर ‘पाठवलं’ असं आलं पण."

"मग काय केलंत?"

"नियमाप्रमाणं. प्रोग्रॅम बंद, मशीन बंद, मेन स्विच खाली, आणि माडीवर. मागं आमच्यातल्या एकाला पाण्यात शॉक बसला, तेव्हापासूनचा नियम."

"प्रोग्रॅम लगेच बंद झाला?"

"झटक्यात. आधी मेला अडून बसायचा. आम्ही गुडघाभर पाण्यात आणि पडद्यावर हा आपला गोल गोल फिरतोय. आम्ही बोंब मारली, तेव्हा केंद्रातल्या गालिहनं नीट करून दिला. पुरानंतर परत अडायला लागलाय. पाणी लागलं असणार."

वेनिंगनं वर पाहिलं. मशीन उंच फळीवर होतं आणि पाण्याची खूण फळीच्या बरीच खाली होती. पुरानंतर इथं कोण कोण आलं, असं तिनं विचारलं. पोलीस दारातूनच बघून गेले होते. आणि केंद्राचे मोठे साहेब, ब्रामांत्यो, येऊन गेले होते.

"मला वाटलं, शिव्या घालणार," सार्मिदी म्हणाला. "तर म्हणाले, आधी कॉफी कर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मागं चूल पेटवली, पाणी उकळलं, गाळ बसू दिला. घेऊन येतो तर साहेब निघालेले. घोटसुद्धा घेतला नाही."

केंद्रात गालिह नावाचा तरुण इंजिनिअर भेटला. पुरापासून तो खुर्चीतच जेवत होता आणि खुर्चीतच झोपत होता, शर्टावरून ते दिसतच होतं. त्यानं त्या संध्याकाळची नोंद दाखवली. पंपघराकडून पाण्याच्या पातळीचा, आपोआप निघणारा फोटो आला होता, तोही अर्धा. त्यानंतर पंपघराच्या बाजूनं ‘लाइन तोडली’ असा स्पष्ट संकेत आला होता.

वेनिंग त्या संकेतापाशी अडली. माणूस मेन स्विच ओढून पळाला असता, तर इकडे नुसती शांतता राहिली असती. इथं तर प्रोग्रॅमनं जाता जाता दार आपटलं होतं.

"तुम्ही नेमकं काय नीट केलं होतं?"

"सॉकेटचा लिंगर पर्याय, बू. बंद करताना किती थांबायचं, ते. मी शून्य केलं. लोक पाण्यात ताटकळायचे, मला वाईट वाटायचं. साहेबांनी लगेच मंजुरी दिली."

"अजून शून्यच आहे?"

"असणारच. इथून बदलता येत नाही, तिथल्या मशीनवरच बदलावं लागतं. आणि ते येतं कुणाला? मला, नाहीतर साहेबांना. ती जोडणी त्यांनीच तरुणपणी केली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेनिंगनं सगळ्यांना पंपघरात बोलावलं. पोलीस अधिकारीही आला. तिनं गालिहला तो पर्याय उघडायला सांगितला. त्यानं उघडला, बंद करून पुन्हा उघडला. शून्य नव्हतंच, जुना आकडा परत आला होता.

"‘पाठवलं’ म्हणजे पोचलं नव्हे," वेनिंग म्हणाली. "टीसीपीत, म्हणजे या लाइनवर निरोप धाडायच्या पद्धतीत, निरोप आधी आपल्याच मशीनच्या रांगेत उभा राहतो. रांगेत शिरला की प्रोग्रॅम म्हणतो, पाठवलं. त्या दिवशी लाइन मरतुकडी होती आणि इशाऱ्याच्या पुढं जाडजूड फोटो उभा होता. फोटो अर्धा गेला, तोवर यांनी नियमाप्रमाणं प्रोग्रॅम बंद केला. पूर्वी तो अडायचा, कारण रांग संपायची वाट बघायचा. तो बिघाड नव्हता, ते त्याचं कामच होतं. शून्य म्हणजे हुकूम, की उरलंसुरलं फेक आणि लाइन तोड. इशारा फेकला गेला."

"म्हणजे मीच," गालिह पुटपुटला आणि भिंतीशी खाली बसला.

"चूक तुमची आहे. गुन्हा दुसऱ्याचा." ती ब्रामांत्योंकडे वळली. "अर्धा फोटो पाहून तुम्हाला सगळं कळलं. मंजुरी तुमची होती, तपासणी न करता दिलेली. म्हणून इथं आलात, यांना कॉफीला पिटाळलंत आणि जुना आकडा घातलात. गालिह पुरापासून कालपर्यंत केंद्रातून हलले नव्हते. पोलीस दारातून परतले. सार्मिदींना यातलं काही येत नाही. उरलं कोण?"

ब्रामांत्योंनी अधिकाऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "केंद्र बदनाम झालं तर उद्या इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?" ते म्हणाले. "मला वाटलं, एका पंपवाल्यावर भागेल."

अधिकाऱ्यानं त्यांना गाडीत बसवलं. आता सार्मिदीला हायसं वाटेल, असं वेनिंगला वाटलं होतं. तो मात्र तिच्याकडे एकटक बघत होता.

"बू, मी प्रोग्रॅम जरा उशिरा बंद केला असता तर? तो फोटो जाईस्तोवर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण या माणसाच्या वाट्याला आधीच पुरेसं खोटं आलं होतं.

"पोचला असता इशारा," ती म्हणाली. "तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं."

सार्मिदीनं मान हलवली. मग तो हळूच जाऊन गालिहच्या शेजारी बसला. पोराचे खांदे गदगदत होते.

"तू आमचे पाय पाण्यातून काढायला गेलास रे," सार्मिदी म्हणाला. "रडू नको असं मी म्हणत नाही. थोडा सरक, मलाही रडायचंय."