लायनीतली मोकळी जागा

हे खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण खाली कमेंटमध्ये हसू नका.

कारण ही गोष्ट अजून संपलेली नाही...

आणि ही रात्रीची नाही. भर दुपारची आहे. विट्यातली. उन्हाळ्यातला शनिवार होता.

मी सिद्धू. एका सुपरमार्केटमध्ये सुपरवायझर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे. विट्याचं दुकान लहान. बिलाचा काउंटर एकच चालतो, तिथं नीलिमाताई बसतात.

कंपनीत तेव्हा विचार चाललेला. शेजारचा गाळा घेऊन दुकान मोठं करायचं, का आहे तेवढ्यालाच नवीन फरशी, नवीन रॅक लावून चकाचक करायचं. ते ठरवायला सांगली ऑफिसवरून जयराज सर येणार होते. गर्दी बघायला.

सरांचा फोन आला, "सिद्धू, दुकान नीट ठेव."

मी नीट ठेवलं.

तिथंच चुकलं.

आमच्याकडं एक पद्धत आहे. गिरणीत डबा ठेवला की नंबर लागतो. रेशनला पिशवी ठेवली की नंबर लागतो. तसंच आमच्या दुकानात. म्हाताऱ्या बायका सामान टोपलीत घेणार, टोपली लायनीत ठेवणार, वर आपली पिशवी टाकणार आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसणार. लाइन सरकली की मागचा माणूस पायानं ती टोपली पुढं ढकलतो. कुणी घुसत नाही. कधी भांडण नाही.

आमचे वॉचमन लालासाहेब फौजेतून रिटायर झालेले. ते रोज म्हणायचे, "फौजेत असं ताट ठिवून नंबर लावला असता, तर हवालदारानं ताट फेकलं असतं आनि आमाला बी!"

त्या दिवशी लायनीत माणसं कमी आणि टोपल्याच जास्त होत्या. मला वाटलं, सर बघतील तर काय म्हणतील? हे काय दुकान आहे का गिरणी?

मी सगळ्या टोपल्या उचलल्या आणि खांबाच्या मागं नेऊन ठेवल्या.

सर आले. बघितलं.

"अरे, लाइन तर काहीच नाही. मग वाढवायचं कशाला? रिनोव्हेशन करून टाकू."

मला कळलं. काय झालं ते त्याच क्षणी कळलं. बाहेर लिंबाखाली निम्मी लाइन बसली होती. एवढंच म्हणायचं होतं, "सर, बाहेर बघा."

तेवढंच म्हणालो नाही. म्हणालो असतो तर टोपल्या मीच लपवल्या हे पण सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात बनुबाई आत आली.

लेंगऱ्याकडची म्हातारी. गुडघे गेलेले. पाय घसटत चालायची, सर्र... सर्र... असा चपलेचा आवाज यायचा. तिच्या नातीला, अंकिताला, त्या दिवशी संध्याकाळी बघायला येणार होते. सकाळपासून तिनं हे सगळ्या दुकानाला सांगितलं होतं. पोहे, साखर, चहा पावडर, एवढंच घेतलं होतं. पिवळी पिशवी होती तिची, कुठल्यातरी कापडदुकानाची.

ती लायनीत बघायला लागली.

"माजी पिशवी कुटं गेली रं?"

सर शेजारीच उभे. मी खांबामागनं तिची टोपली आणून हातात दिली.

"आज्जी, मागं जावा. शेवटी उभं ऱ्हावा."

"आवं, माजा नंबर आला हुता की! सकाळधरनं लायनीत हाय मी."

"पिशवी लायनीत नसती आज्जी. मानूस असतंय."

सर हसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

ती वळली. टोपली घेऊन मागं गेली. सर्र... सर्र...

लिंबाखालनं आत आलेल्या बाकीच्या बायकांनी मला लय शिव्या घातल्या. "आला मोठा सायेब! तुज्या आयला उभी कर की अशी!" सरांसमोर मान खाली घालून ऐकल्या.

बनुबाई उभी राहिली. एक हात रॅकला धरून. पुढं दोन माणसं राहिली असतील, तेवढ्यात तिनं घड्याळाकडं बघितलं.

"गाडी जाईल माजी," म्हणाली. टोपली तिथंच ठेवली. रिकामी पिशवी काखेत मारून स्टँडकडं गेली, त्या उन्हात.

पोहे, साखर मीच परत रॅकला लावली.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी सांगितलं.

"काल ती पिवळ्या पिशवीवाली... स्टँडवर बसल्या जागी गेली म्हनं. गाडी बी चुकली हुती तिची."

मी विचारलं, "आणि पाहुणे?"

ते म्हणाले, "मयताच्या घरात कोन पोरगी बघतंय व्हय रं?"

पुढं दुकान बंद ठेवून काम झालं. नवी फरशी, पांढरे लाइट. बिलाच्या लायनीला दोन्ही बाजूनं स्टीलचे दांडे लावले. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. पिशवी ठेवायला जागाच नाही.

दुकान उघडलं त्या दुपारी मी दारापाशी उभा होतो. लाइन चांगली मोठी होती.

पण मधे एक जागा मोकळी होती...

एका माणसाएवढी.

मी तिच्या मागच्या बाईला म्हणालो, "ताई, सरका की पुढं."

"पुढं आज्जी हायती की."

"कोण आज्जी?"

तिनं समोर बघितलं. मग माझ्याकडं. तोंड एकदम पडलं तिचं.

"आत्ता... हुत्या की."

मला वाटलं, दुसरी कुणी म्हातारी असेल, दांड्याखालनं बाहेर गेली असेल. मी सोडून दिलं.

लाइन सरकली.

ती मोकळी जागा पण सरकली.

पुढचा माणूस पाऊल टाकायचा, जागा पुढं जायची, मग मागची बाई पाऊल टाकायची. अगदी बरोबर. आणि मधे, फरशीवर...

सर्र...

नवीन गुळगुळीत फरशी होती. तिच्यावर तो आवाज यायलाच नको होता.

जागा काउंटरच्या जवळ आली. पुढं दोनच माणसं राहिली.

आणि लाइन मिटली. मागची बाई पुढं गेली, जागा राहिलीच नाही.

मी श्वास सोडला. तेवढ्यात लायनीच्या शेवटाला उभा असलेला पोरगा मागं वळला, "या आज्जी, या," असं म्हणाला आणि अंग चोरून उभा राहिला. त्याच्या मागं दुसरं माणूस आलं ते हातभर जागा सोडून उभं राहिलं.

ती परत शेवटी गेली होती.

मी जसं पाठवलं होतं तसं...

त्या दिवसापासून हे रोज. दुपार झाली की जागा यायची. पुढं यायची, दोन माणसं राहिली की परत मागं. लोकांना आपण काय करतोय ते कळायचं पण नाही. सीसीटीव्हीत बघितलं, तर माणसं आणि मधे नुसती फरशी.

नीलिमाताईंनी एकदा बिल करता करता हळूच विचारलं, "सिद्धू, तुला बी दिसती का रं जागा?"

मी नाही म्हणालो.

"मग रोज तिच्याकडंच काय बघतोस?"

शेवटी एका दुपारी मी ठरवलं. पोहे, साखर, चहा पावडर टोपलीत घेतली आणि त्या जागेशेजारी दांड्याला धरून उभा राहिलो. पुढच्या दोघांना हात जोडले, बाजूला व्हा म्हणालो. ते झाले.

काउंटर मोकळा झाला.

"आज्जी," मी म्हणालो. "जावा पुढं. तुमचा नंबर हाय."

फ्रीजची घरघर बंद पडली. नीलिमाताई हात पुढं करून तशाच बसल्या होत्या.

लाइट गेली नव्हती. वरचे दिवे चालू होते.

माझ्या अगदी कानाजवळ कुणीतरी दमून श्वास घेतला. गुडघे दुखणारं माणूस घेतं तसा. आणि हळू आवाजात, रागानं नाही...

"मानूस असतंय म्हनलास न्हवं लायनीत? मी कुटं मानूस हाय आता..."

मग सर्र... सर्र... मागं मागं जात राहिलं.

माझ्या हातातली टोपली सुटली. सगळ्या नव्या फरशीवर साखर झाली.

त्याच संध्याकाळी मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणजे भुताचं नाही, टोपल्यांचं. "सर, त्या दिवशी लाइन लहान नव्हती. मी लपवली होती. एक आज्जी होती, ती..."

ते हसले. "अरे, आता फरशी बसवून झाली सिद्धू. सोड. तू बारकाईनं बघतोस. फलटणच्या दुकानाचं पण तसंच ठरवायचंय. वाढवायचं का नुसतं नवीन करायचं. तूच जा आणि मला सांग."

मला विट्यातनं सुटायचंच होतं. आलो.

आता हे फलटणच्या लॉजवर बसून टाइप करतोय.

आज दुपारी जेवायला खानावळीत गेलो होतो. कारखान्याचे लोक होते, ताटासाठी लाइन होती. मी उभा राहिलो. मागनं एकजण म्हणाला, "ओ पावनं, आज्जींना पुढं घ्या की जरा. पाय दुखत्यात त्यांचं."

मी वळलो नाही.

तो माझ्यापासून लांब उभा होता, हे न वळता कळत होतं. मधे एका माणसाएवढी जागा. मानेवर थंड वाटत होतं, आणि खानावळीत पंखा नव्हता.

मी बाजूला झालो. खरंच झालो. भिंतीला टेकून उभा राहिलो.

पुढं कुणीच गेलं नाही.

तो मागचा माणूस पण थांबून राहिला. सगळी लाइन थांबून राहिली. मी परत लायनीत येईपर्यंत...

मग मी न जेवताच निघालो.

उद्या इथल्या दुकानात उभं राहून लाइन बघायचीय. सरांना सांगायचंय, माणसं किती थांबतात, काउंटर वाढवायला पाहिजे का नको. यावेळी काही लपवणार नाही, एवढं ठरवलंय.

फक्त एक कळत नाही. तुम्हीच सांगा कुणीतरी.

लायनीत माणसं मोजताना तिला धरायचं का?