वाणातलं गाळणं

"अहो साहेब! जोडे!"

मी ओरडले तेव्हा तो माणूस बारवेच्या शेवटच्या पायरीवर उकिडवा बसला होता, पाण्याला नाक लागेल इतका वाकून. पायात काळे चकचकीत जोडे, हातात काचेची नळी. वैशाखातली सकाळ, पाणी पार तळाला गेलेलं, आणि आमच्या साती आसरांच्या बारवेत हा बाप्पा जोड्यांसकट!

"त्या कोनाड्यात शेंदूर लावेल हाय, दिसत नाही का तुमाले?" मी घागर आपटली. "का तुमच्या शहरात देव अन् जोडे एकाच खुंटीले टांगता?"

तो दचकून उठला. "चुकलं," म्हणाला, आणि लगेच जोडे काढून वर ठेवून आला. बस, इतकंच. मी चांगलं घागरभर भांडण घेऊन आले होते, ते तसंच राहिलं. मग माझं लक्ष त्याच्या डाव्या घोट्यावर गेलं. तिथं एक पसरट, आक्रसलेला व्रण होता, अंगातून दोऱ्यासारखा किडा निघून गेल्यावर राहतो तसा. आमच्या गावात असे व्रण पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

"नारू?"

"हो."

"अन् तो तुटला होता."

आता त्यानं मान वर करून नीट माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"सबूत, न तुटता निंघला तर वन बारीक राह्यते. तुमचा पसरेल हाय. कोन्या तरी घाईच्या मानसानं ओढला."

"माझ्या आईनं," तो हसला. "सात वर्षांचा होतो, जळगाव जामोदला. नंतर चार महिने खाटेवर."

त्याचं नाव शेषराव. नागपूरच्या इस्पितळात डॉक्टर होता आणि मोठ्या परीक्षेसाठी नारूवर प्रबंध लिहीत होता. आमचं गाव देऊळघाटापासून दोन कोसांवर. सत्तर घरं, एकच बारव, आणि दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस पाय धरून बसलेला. प्रबंधाला याहून चांगलं गाव कुठं मिळायचं!

"बघायचंय?" त्यानं पाण्यानं भरलेली नळी उन्हात धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. "जवळ धरा... आणखी... आता श्वास रोखा."

श्वास तर मी आधीच रोखला होता. त्याचं कारण मात्र भिंग नव्हतं.

मग दिसले. पांढरे ठिपके, टुणटुण उड्या मारणारे.

"अवं बाप्पा! हे आमी पेतो?"

"रोज. नारू झालेला माणूस पाण्यात पाय बुडवतो, नारू पिलं सोडतो, हे किडे ती पिलं खातात आणि हे किडे तुम्ही पिता. वर्षभर अंगात काही कळत नाही. वर्ष झालं की पाय फुटतो."

"मंग गाळून प्या म्हना ना! त्यात काय एवढं?"

"पुस्तकात तेच लिहिलंय. पण साधं दुपदरी कापड, खेड्यात, घरोघर — ते पुरतं का, हे कोणी मोजलेलं नाही. मला मोजायचंय." हे बोलताना त्याचे डोळे असे चमकले की मी माझी घागर भरायचीच विसरले.

माझं नाव कोकिळा. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, सातवी पास, आणि माझं लग्न ठरत नव्हतं. माझी आई रुखमाबाई सांगायची की वडलांना पोर दूर द्यायची नाही. खरं कारण माझी जीभ. दोन स्थळं तर चहा संपायच्या आत उठून गेली होती.

त्या उन्हाळ्यात डॉक्टर बुलढाण्याला मुक्काम करून होते आणि दर आठवड्याला तिथून सायकलवर यायचे. घरोघर जाऊन कुणाला नारू निघाला, कुठं निघाला, सगळं वहीत लिहायचे. पण परपुरुषापुढं आमच्या बाया पदराआड जायच्या आणि माणसं म्हणायची, "कुठं काय, काईच नाही!" मग वही माझ्याकडे आली. मी विचारायची, मी लिहायची, ते चार पावलं मागं उभे राहायचे. त्रेसष्ट नावं भरली. डॉक्टरांना एकेक नाव, एकेक पाय पाठ होता. "शेवंताबाईंची सूज उतरली का?" असं ते विचारायचे तेव्हा मला वाटायचं, इतक्या आस्थेनं कुणी पाय विचारतं का हो? आमच्याकडे बैलाचा पाय विचारतात तसा.

चौसष्टावं नाव माझ्या वडलांचं, आबांचं — किसनरावांचं. त्यांच्या पोटरीतून नारू डोकावला तेव्हा नेहमीसारखी मी तुराटीची काडी घेऊन बसले. रोज दोन बोटं, त्याहून जास्त नाही. हलकेच ओढायचं, काडीला गुंडाळायचं, बांधून ठेवायचं. जरा घाई झाली की तुटला, आणि मग पाय सडतो. डॉक्टर अर्धा तास बघत बसले.

"तुमच्या बोटांना अजिबात घाई नाही," शेवटी म्हणाले.

"जिभेले हाय ना."

"तीही चालेल मला."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोटांनी घाई केली. आबा बोंबलले, "अवं पोरी, तोडतं का काय!" डॉक्टर पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पळाले. ते पाणी त्यांनी गाळून घेतलं का, देव जाणे.

दिवाळी झाल्यावर ते कापडाचा गठ्ठा घेऊन आले. आमच्याच गावच्या हबीबचाचांच्या मागावर विणलेलं दाट कापड. आमच्या गावात दोन अळ्या, वरची आणि खालची, आणि पाणी दोघींचं एकाच बारवेतलं. डॉक्टर म्हणाले, एका अळीला कापड द्यायचं, दुसरीला नाही. येता उन्हाळा सोडून त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोन्हीकडचे नारू मोजायचे.

"दुसऱ्या अळीतल्या लोकाईनं काय पाप केलं?" मी विचारलं.

त्यांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "काहीच नाही. पण नुसतं 'कापड चांगलं' म्हटलं तर नागपूरचे साहेब कागद फेकून देतात. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले तर हजार गावांना कापड जाईल. कोणाला द्यायचं ते मी ठरवणार नाही. चिठ्ठी टाकू."

चिठ्ठी मी उचलली. वरची अळी निघाली — आमची.

"खालच्या अळीला कापड जायला नको," ते म्हणाले. "गेलं तर माझा प्रबंध गेला. दोन वर्षं गेली. जमेल तुम्हाला?"

"जीभ लांब हाय माही, पन शबूद पक्का हाय."

शब्द मी खरंच दिला होता. मनापासून. म्हणून तर पुढचं सांगताना अजून लाज वाटते.

पौष आला तोवर वरच्या अळीतली फडकी रोज धुऊन विरली होती. मला वाटलं, डॉक्टरांना सांगायच्या आत आपणच नवी करून द्यावी, खूश होतील. संक्रांत जवळ आलेली. मी आईला म्हटलं, औंदा वाण फडक्यांचं देऊ.

"फडकी? वान म्हनून?" आई हसायला लागली. "लोकं काय म्हनतीन वं?"

पण तिनं ऐकलं. मी वरच्या अळीतली चौतीस घरं मोजली होती. आईला कुठं माहीत! वाण कमी पडलं तर तोंड कुठं दाखवायचं, म्हणून तिनं हबीबचाचांकडून अख्खा तागा आणून ऐंशी फडकी फाडली.

आणि संक्रांतीला खालच्या अळीतल्या बाया आल्या. दरवर्षी येतात! माझ्या डोक्यात फक्त डॉक्टर, त्यांची वही, त्यांचा आनंद... मला हे सुचलंच नाही. आई कुंकू लावत होती, फडक्यांचं ताट माझ्या हातात, आणि समोर एकेक सवाष्ण पदर पसरून उभी. एकीला वाण द्यायचं आणि दुसरीला म्हणायचं, तू खालच्या अळीची, जा? ते माझ्या हातून झालं नाही. मी देत गेले. वरच्या अळीतल्या बाया त्यांना हौसेनं सांगत होत्या, हे पाणी गाळायचं वाण आहे बरं! आणि वाण तर लुटायचं असतं. मिळालेलं पाहून प्रत्येकीनं आपल्या घरी तेच लुटलं. रथसप्तमीपर्यंत खालच्या अळीत फडकं नाही असं एक घर उरलं नाही.

त्या संक्रांतीला रिकाम्या हाती राहिली ती फक्त खालच्या अळीतली गोजरबाई. ती विधवा, म्हणून हळदीकुंकवाला आत येत नव्हती. ओट्याखाली उभी होती. नारूनं तिचा गुडघा आखडलेला, लंगडत कापूस वेचायला जायची. तोवर मला कळून चुकलं होतं की सगळं बिघडलं. तरी मी उतरले आणि तिच्या हातात दोन फडकी ठेवली.

"मले काऊन वं?" ती म्हणाली.

"राहू दे मावशी. गाळून पेत जाय."

आठवड्यानं डॉक्टर आले. बारवेवर खालच्या अळीतल्या बाया रांगेनं घागरीच्या तोंडाला कापड बांधत होत्या. ते जोडे हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मी काही लपवलं नाही. "बाकीच्याईले वान म्हनून गेलं. ते माही चूक," मी म्हटलं. "गोजरबाईले मात्र मी जानूनबुजून देलं. त्याची माफी मांगत नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी पुढं केलेली वही त्यांनी माझ्याच हातात परत दिली आणि सायकलवर बसून गेले. मी त्या दिवशी इतकी रडले की आईला वाटलं मलाच नारू झाला.

चैत्र-वैशाखात नारू निघाले. अठ्ठावन्न! बाया माझ्यावर तुटून पडल्या. "कायचं वान अन् कायचं काय! गाळून बी निंघतेच!" काहींनी फडक्यांची पोतेरी केली. मी दारोदार फिरले. "अवं, हे मांगच्या वर्षीच्या पान्याचं हाय! वर्षभर अंगात राह्यते तो. औंदाचं गाळेल पानी पुढच्या वर्षी दिसन!" कधी भांडले, कधी पाया पडले. हबीबचाचांनी उरलेल्या सुताचं कापड विणून दिलं. रोज वहीत लिहीत राहिले, आणि रोज बुलढाण्याच्या वाटेकडे बघत राहिले. पत्र नाही, सायकल नाही. त्यांचा प्रबंध माझ्या हातानं बुडाला होता, मग कोणत्या तोंडानं वाट बघायची? तरी बघायचे. करमतच नव्हतं!

पुढचा वैशाख आला. मी घरोघर पाय तपासले. एकदा तपासले, पुन्हा तपासले.

त्या सकाळी बारवेवर गेले तर शेवटच्या पायरीवर एक माणूस बसलेला. अनवाणी. जोडे वर, कोनाड्यापासून चांगले दहा हात लांब.

"काय मोजाले आले?" मी वरूनच विचारलं. "तुमचा परयोग तर मी मोडला."

"मोडला," डॉक्टर म्हणाले. "मी दुसऱ्याच विषयावर प्रबंध दिला. पास झालो. पण तुमचा आकडा कळल्याशिवाय चैन पडेना... किती?"

मी वही पुढं केली. "चार. मांगच्या वर्षी अठ्ठावन्न. हे चौघंबी शेतातल्या झिऱ्यावर तसंच पानी पेले होते. मी इचारलं."

"अठ्ठावन्नावरून चार?" त्यांनी पान उलटलं. घर, नाव, तारीख, कुठल्या पायात, कुठं पाणी प्यायलं. पंधरा महिन्यांत एक रकाना रिकामा नव्हता. "हे सगळं तुम्ही लिहिलं?"

"मंग काय बारवेतल्या आसराईनं लिवलं?"

ते हसले नाहीत. "मी रागावून गेलो नव्हतो, कोकिळाबाई. लाज वाटली होती. गोजरबाईंच्या दारावरून मी कितीदा गेलो. तो गुडघा पाहायचो, वहीत लिहायचो, आणि पिशवीत कापड असायचं. तुम्ही दिलं. मी नाही." मग म्हणाले, "ओढ्यापलीकडच्या गावात काल मोजून आलो. तिथं वाण गेलेलं नाही. घरं तेवढीच, नारू एकावन्न. चार आणि एकावन्न — हे साहेबांना मानावं लागेल. आणि त्या गावाला उद्यापासून कापड वाटतोय. सगळ्या घरांना. चिठ्ठी न टाकता."

मला इतका आनंद झाला की रडू यायला लागलं. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. 'माहिती जमवणारे' असं तिथं छापलेलं होतं. पेन्सिल काढून त्यांनी लिहिलं: कोकिळा... आणि थांबले.

"पूर्ण नाव लागतं," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पुढं किसनराव लिहू... का... शेषराव?"

मी पदरानं डोळे पुसले.

"आबाले इचारलं का?"

"आधी तिथंच गेलो होतो. ते म्हणाले, पोर न्या, पण जिभेसकट नेतो असं लेखी द्या." आणि मग तो नागपूरचा डॉक्टर, वऱ्हाडी बोलणं आवरून बसलेला, एकदम म्हणाला, "खरं सांगतो, पंधरा महिने मले काईच गोड लागलं नाही बाप्पा. तुमी बोलत राहा, म्या आयकत राह्यतो. लिहू का?"

"तुमचं अक्षर वाकडं हाय," मी म्हटलं. "द्या इकडं."

वरच्या पायरीवरून घागर खडखडली. गोजरबाई उभी होती. गुडघा तसाच आखडलेला, पण औंदा तिच्या पायातून नारू निघाला नव्हता. माझं वाणाचं फडकं घागरीच्या तोंडाला पक्कं बांधलेलं.

"लिव ना वं लवकर," ती म्हणाली. "मले पानी भराचं हाय."

मी लिहिलं: शेषराव. ह्या खेपेला बोटांना अजिबात घाई नव्हती.