तो आकडा सांगू नका

रक्त काढलं वडिलांचं, आणि कोसळला मुलगा. थेट माझ्या खांद्यावर.

"हा असाच," खुर्चीतून काका म्हणाले. "हृदय माझं थकलंय, चक्कर याला येते."

त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं... आणि पुन्हा मिटून घेतले.

"अजून येतेय चक्कर?"

"नाही. पण जरा वेळ येऊ दे ना—"

*

काका आमच्या चाचणीत होते. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड कमी केलं, तर थकलेल्या हृदयाला आराम पडतो का? अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. कोणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मी तर त्यांची नर्स.

"खरं सांगा. बाबांना औषधच देताय ना?"

"माहीत नाही."

"डोळे वेगळंच सांगतायत."

"ते वेगळ्या विषयावर बोलतायत."

निसटलंच तोंडातून!

*

मग एकदा तो जिन्यात आडवा आला. चेहरा उतरलेला.

"बाबांना आडवं झालं की धाप लागते. राहवलं नाही मला. साखर बघायचीय असं त्यांना सांगून बाहेरच्या लॅबमधून युरिक अ‍ॅसिड तपासून घेतलं. आकडा आलाय—"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट.

श्वास गरम होता. हात काढावासा वाटेना... काढला.

"तो आकडा सांगू नका. कळला, तर गोळी कुठली तेही कळेल. मग मी काकांचं ऐकणारच नाही, आकड्याचं ऐकेन."

"म्हणजे मी त्यांना चाचणीतून घालवलं?"

"ते डॉक्टर ठरवतील. मी आत्ताच सांगणार आहे. आणि धाप लागते हे आधी सांगायचं ना, वेड्या!"

*

डॉक्टरांनी आधी काकांना तपासलं, हृदयाचं नेहमीचं औषध वाढवलं. मग याला झापलं. मग माझ्याकडे वळले.

"तुला कळला आकडा?"

"नाही."

"मग राहतील ते चाचणीत."

"पण त्यांना माझ्याकडून काढून दुसऱ्या सिस्टरकडे द्या."

"का?"

तो दारातच उभा होता. असू दे.

"त्यांचा मुलगा आवडतो मला. काकांना बरं वाटावं असं मला इतकं वाटतं, की तशीच नोंद होईल माझ्या हातून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. लावला.

"बरं."

*

बाहेर काका रुसून बसले होते. "माझी चांगली सिस्टर का काढून घेतली?"

"मी मागतोय तिला, बाबा," तो म्हणाला. "म्हणजे... ती हो म्हणाली तर."

"हो," मी म्हणाले. डॉक्टरांसमोर बोलून झालं होतं. आता लाजायचं कोणाला!