हात्सुएवहिनीने शेवटच्या विमानाने कुणाला आणलं

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

काही मी स्वतः पाहिलं, बाकीचं माझ्या वहिनीने मला सांगितलं. आणि माझी वहिनी म्हणजे एकतीस वर्षं विमानतळाच्या काउंटरवर बसलेली बाई. वजन, वेळ, जागेचा नंबर... यात तिचं कधी चुकलं नाही.

चुकलं ते एकदाच.

तो दिवस एकतीस मार्चचा. त्याला आता तीन वर्षं झाली. ओकिनावातल्या आमच्या हातेमा बेटावर त्या संध्याकाळी शेवटचं विमान उतरलं. आता त्या धावपट्टीवर बगळे उतरतात, बाकी कुणी नाही.

कंपनी तशी दोनच विमानांची. पंख्याची विमानं, एकोणीस जागांची. इतकी लहान की प्रत्येक प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करायचं आणि वजन बघून जागा द्यायची. हे काम वहिनीचं. माझा भाऊ चोएईदादा बाहेर धावपट्टीजवळ असायचा. हातवारे करून विमानाला जागेवर आणायचा. एकदा सामानाची गाडी त्याच्या डाव्या पायावरून गेली. तेव्हापासून तो पाय ओढत चालायचा. सर्र... सर्र... चपलेचा तो आवाज आला की भात वाढायला घ्यायचा, हे घरात ठरलेलं.

दादा मुख्य बेटावर, नाहा शहरातल्या इस्पितळात वारला. कंपनी बंद व्हायच्या दोन वर्षं आधी. खोली चारशे सात, खिडकीजवळची खाट. वहिनी ड्युटीवर होती. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती अस्थी घेऊन परत आली.

फक्त अस्थी.

आमच्याकडे तेवढ्याने भागत नाही. माणूस जिथे जातो तिथेच त्याचा जीव घुटमळत राहतो. घरच्यांनी त्या खाटेपाशी जायचं, नाव घेऊन हाक मारायची, आणि वाटेतलं सगळं सांगत सांगत त्याला घरी आणायचं. आता जिना आला. आता गाडीत बसायचंय. जपून.

आणि बोटीने आणायचं नाही. मधलं पाणी फार खोल आहे. त्यात बुडालेले सोबत शोधत असतात, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. बोटीने आणलेला कुणीच कधी घरी पोचला नाही.

म्हणून विमान. नाहाच्या काउंटरवर एक तिकीट घेऊन आलेला माणूस खालच्या आवाजात म्हणायचा, ‘दोघं आहोत.’ मग त्याला विमानात बसायची दोन कार्डं मिळायची. दुसरं कोरं. शेजारची जागा रिकामी ठेवली जायची. मुख्य कचेरीला याचा पत्ता नव्हता. वहिनी नाहाला फोन करून सगळं जमवून द्यायची. बेटावरच्या किती घरांसाठी तिने हे केलं असेल, मोजदाद नाही.

स्वतःच्या नवऱ्यासाठी मात्र राहून गेलं.

कंपनीच्या माणसांना फुकट पास होता, पण जागा उरली तरच. तीन वेळा ती निघाली. तिन्ही वेळा ऐन वेळी कुणीतरी आलं. एकदा डायलिसिसचा म्हातारा, एकदा दिवस भरलेली बाई, एकदा परीक्षेला निघालेली मुलगी. वहिनी उठली आणि आपली जागा देऊन मोकळी झाली.

मी रागवायचे. ती म्हणायची, “विमान कुठे पळून चाललंय का? मी तिथेच नोकरी करते गं. जाईन कधीही.”

मग जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. मार्चअखेर विमानं बंद.

ते वाचून दाखवलं काकाझुने. तो आमच्या विमानतळावरचा कंपनीचा प्रमुख. वहिनीपेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि गप्प बसणं माहीत नसलेला माणूस. पत्र संपलं तशी त्याने त्याची घडी घातली. मग म्हणाला, “ताई, तुमचं बरं आहे. बाजारात भाजी विकायला बसा. तुमच्याइतका खरा काटा कुणाचा नाही. मला मात्र भावाच्या शेळ्या राखायला लागणार. आणि त्या माझं ऐकत नाहीत.”

“इथे तरी कोण ऐकत होतं तुझं?” वहिनी म्हणाली.

सगळे हसले. मग सामान चढवणारा तोगुचि उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

वहिनीने त्याच दिवशी काकाझुला सांगितलं, “मला चोएईला आणायचंय. शेवटच्या विमानाने तरी.”

काकाझुने यादी उघडली. जागा भरल्या होत्या. एकोणीसच्या एकोणीस.

“कॅमेरेवाले,” तो म्हणाला. “टोकियो-ओसाकाहून येतायत. बंद पडणाऱ्या विमानाचा फोटो काढायला. चालू होतं तेव्हा यातला एकजण फिरकला नाही.”

वहिनीने मान खाली घातली. काकाझुने तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. मुख्य कचेरीतले दोन साहेब त्या विमानाने भाषण करायला येणार होते. त्यांना म्हणाला, “बेटावरचे लोक भयंकर चिडलेत साहेब. मी तुमची जबाबदारी घेऊ शकत नाही.”

दोन जागा मोकळ्या झाल्या.

एकतीस तारखेला वहिनी सकाळच्या विमानाने नाहाला गेली. गणवेशातच. दुसऱ्या दिवशी तो परत करायचा होता. पर्समध्ये, वाटेत काही आडवं येऊ नये म्हणून, पुडीभर तांदूळ आणि चिमूटभर मीठ.

इस्पितळात सगळं होतं तसंच होतं. चौथा मजला. खोली चारशे सात. चारही खाटांवर माणसं. खिडकीजवळ एक अनोळखी आजोबा झोपले होते. पलीकडे कुणाचे नातेवाईक बसून डबा खात होते. त्यांनी गणवेशातल्या बाईकडे पाहिलं.

वहिनी कानकोंडी झाली.

ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. दोन्ही हात पोटावर जुळवले, कमरेत वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “चला, आपली वेळ झाली. घरी जाऊ या.”

खोलीत कुणी हललं नाही.

पण खिडकीचा पडदा... आतल्या बाजूला फुगला. खिडकी बंद होती.

वहिनीचे डोळे भरून आले. ती सांगत निघाली. आता डावीकडे. आता लिफ्ट. लिफ्टचं दार मिटायला आलं आणि... पुन्हा उघडलं. मध्ये कुणीच नव्हतं. थोडं थांबून ते मिटलं.

टॅक्सीत ती मागे बसली आणि शेजारची जागा सोडली. गाडी सुरू झाली, आणि... टिंग, टिंग, टिंग. पट्टा लावा म्हणून गाडी ओरडू लागली. वहिनीचा पट्टा तर लावलेला होता. ड्रायव्हर म्हातारा होता. त्याने आरशात पाहिलं, काही न बोलता उतरला, मागचं दार उघडून रिकाम्या जागेवरचा पट्टा ओढून लावला.

आवाज थांबला.

“नवरा का?” त्याने विचारलं.

“हो.”

त्याने पूर्ण वाटेत रेडिओ लावला नाही.

नाहाच्या काउंटरवर रिसा नावाची मुलगी होती. तिचाही तो शेवटचा दिवस. नाक रडून लाल झालेलं. वहिनी म्हणाली, “दोघं आहोत.” एवढी वर्षं ऐकलेले ते शब्द ती पहिल्यांदा स्वतः म्हणत होती. रिसाने दोन कार्डं काढली आणि सवयीने म्हणाली, “काट्यावर उभ्या राहा, ताई.”

वहिनी उभी राहिली. बावन्न किलो. ती खाली उतरली.

काटा शून्यावर आला नाही...

छत्तीस.

दोघी त्या आकड्याकडे बघत राहिल्या. आमचा दादा चांगला ऐंशी किलोचा गडी. वहिनी तिथेच रडायला लागली. “एवढासा झाला होतास रे शेवटी. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.”

रिसाने कागदावर छत्तीस लिहिलं.

विमानात कॅमेरेवाले खिडक्यांना चिकटले होते. वहिनी शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलत होती. आता उडतोय. आता खाली खोल पाणी आहे, बघू नकोस. मधूनमधून ती कान देत होती. चढताना, बसताना त्या पायाचा आवाज आला नव्हता. पंख्यांच्या घरघरीत कसा ऐकू येईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

इकडे अर्धं बेट विमानतळावर लोटलं होतं. मीही होते. सूर्य कललेला. विमान थांबलं, शिडी लागली. काकाझु नेहमीसारखा खाली उभा राहून उतरणारी माणसं मोजत होता. कॅमेरेवाले उतरले, सतरा. वहिनी उतरली, अठरा.

काकाझुचं बोट तसंच वर राहिलं. शिडी रिकामी होती. पण पत्र्याची पायरी... करकरली. मग दुसरी.

“एकोणीस,” काकाझु म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “यादी बरोबर आहे, ताई.” आणि तो रिकाम्या शिडीपुढे कमरेत वाकला. त्याच्यामागे तोगुचि वाकला. सगळे वाकले.

मी पोटभर रडले. दादा घरी आला म्हणून.

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या आवडीचा मसालेभात केला, पेल्यात आवामोरी, आमची तांदळाची दारू, ओतली. सकाळी मी पुन्हा गेले, तर दारू तशीच. शेजारी वहिनीने स्वतःसाठी ठेवलेला चहाचा कप मात्र... तळापर्यंत रिकामा. वहिनीने त्याला हातही लावला नव्हता.

दारातल्या सगळ्या चपला एका रांगेत, टोकं बाहेर करून मांडलेल्या. मी हसले. म्हटलं, “जन्मभर चपला भिरकावल्या. मेल्यावर वळण लागलं दादाला.”

वहिनी हसली नाही.

असं आठ दिवस चाललं. पाय ओढल्याचा आवाज काही आला नाही. नवव्या दिवशी सकाळी मी वहिनीशी ओट्यावर बोलत बसले होते. आत घरात कुणी नव्हतं.

आतून गाण्याचा आवाज आला...

बारीक, थकलेला. बाईचा. कुठल्यातरी दुसऱ्याच बेटाची बोली. मधूनच ती खोकली आणि पुन्हा गायला लागली.

मी वहिनीचा दंड धरला. “वहिनी, तिथे खाटेपाशी तू नाव घेतलंस ना?”

ती ओट्यावरून उठून उभी राहिली.

काउंटरचा नियम आहे. प्रवाशाचं नाव चारचौघांत मोठ्याने घ्यायचं नाही. एकतीस वर्षं तिने तो पाळला होता. गणवेश अंगावर होता, लोक बघत होते, आणि तोंडातून तेच निघालं जे रोज निघायचं. चला, आपली वेळ झाली.

“मी नाव घेतलं नाही,” वहिनी म्हणाली. “मी कुणालाच नावाने बोलावलं नाही गं.”

जो आधी उठला, तो आला. छत्तीस किलोची कुणी म्हातारी. आणि दादा तिथेच राहिला होता.

वहिनी दुसऱ्या दिवशी बोटीने नाहाला गेली. साडेचार तास, ओकाऱ्या काढत. यावेळी गणवेश नव्हता. चारशे सातमध्ये उभी राहून तिने तीन वेळा हाक मारली, “चोएई!” इतक्या मोठ्याने, की नर्स धावत आली.

वहिनी बाहेर पडली. मागून...

सर्र... सर्र...

पूर्ण व्हरांडाभर तो आवाज तिच्या मागे होता. जिन्यावर होता. रस्त्यावर होता. तिने वळून पाहिलं नाही. बंदरापर्यंत ती चालतच गेली, सांगत सांगत. बोटीच्या फळीवर तिने पाय ठेवला, आणि आवाज थांबला.

“ये ना,” ती म्हणाली. “मी आहे की.”

खाली पाणी काळं होतं. आवाज पुढे आला नाही. बोटीचा भोंगा दोनदा वाजला. खलाशी म्हणाला, “बाई, येताय की राहताय?”

वहिनीने फळीवरचा पाय मागे घेतला.

ती परत आलीच नाही. इस्पितळामागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहते, डबे भरायच्या कारखान्यात जाते. मला फोन करते. “जेवायला बसलोय आम्ही,” म्हणते. मी काही विचारत नाही. माझा भाऊ जाग्यावर आहे, एवढं मला पुरे.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी जाते, चहा ठेवते, आणि निघते. आत थांबायचा धीर अजून होत नाही. पण परवा थांबले. दाराशी उभं राहून विचारलं, “आजी, तुमचं नाव काय? गाव कुठलं?”

गाणं थांबलं. उत्तर आलं नाही.

तिचीही माणसं कुठेतरी असतील. कधीतरी त्यांना सवड होईल. ती त्या खाटेपाशी जाऊन उभी राहतील, नावाने हाका मारतील, आणि मग कुणीतरी मागून येतंय असं समजून रिकामीच घरी जातील. म्हातारी तिथे नाहीच. ती इथे आहे, आणि इथून जायला आता विमान नाही.

त्यांना कळवावं असं रोज वाटतं. पण कुणाला कळवू? मला तिचं नाव माहीत नाही.