अक्काच्या उजवीकडची जागा

ऐंशी साली श्रावणात मला नाशिकजवळच्या एका तुरुंगात चुना मारायचं काम मिळालं. तुरुंगाचं नाव सांगत नाही. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, मला सजवून सांगता येत नाही. जसं घडलं तसं सांगतो.

काम मी मागून घेतलं होतं, कारण बायकांच्या बराकीत माझी थोरली बहीण होती. भागी अक्का. इगतपुरीकडच्या एका वाडीत तिचा नवरा गोटीराम हातभट्टी लावायचा. धार पडली की कडक उतरलीय का हे बघायला आधी तिला प्यायला लावायचा. मग प्यालीस म्हणून मारायचा. मार दुखू नये म्हणून पुढे ती स्वतःच मागू लागली. एका संध्याकाळी त्यानं तिचा डावा हात भट्टीच्या जाळात धरला, तेव्हा उजव्या हाताला सापडलेलं लाकूड तिनं त्याच्या डोक्यात घातलं. तो उठला नाही. खटला अजून उभा राहायचा होता.

आत दारू तुटली आणि अक्काचं अंग थरथरायला लागलं. पोटात अन्न राहीना. भेटीच्या जाळीआडून ती मला एवढंच म्हणाली, "एक पाव बाटली आण, निवृत्ती. नायतर मी जगत नाय."

मी आणली. फडक्यात गुंडाळून चुन्याच्या बादलीत बुडवली. फाटकावर चुन्यात कोण हात घालणार? पकडलो असतो तर अक्काच्या खटल्याची माती झाली असती, हे मला तेव्हा सुचलंही नाही. मी तिला वाचवतोय असंच वाटत होतं.

बराक लांब आणि ठेंगणी होती. फिनेलचा, ओल्या घोंगड्यांचा आणि खोबरेलाचा वास. बायका बाहेर अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी मान वर करत नव्हतो, त्यावरून त्यांचं चाललं होतं, की या पोराचं भिंतीशीच लगीन ठरलंय, आता हळद तेवढी राहिली. जमादारीण लताबाई दारात बसून हसत होत्या.

भिंतीला टेकून बसायची सवय, म्हणून डोक्यांच्या उंचीवर तेलाच्या डागांची रांग होती. तेलावर चुना धरत नाही, आधी खरवडावं लागतं. सगळे डाग जुने, काळे, सुकलेले. अक्काच्या घोंगडीच्या उजवीकडचा एकच ओला होता. मी खरवडला, हात मारला. तो पुन्हा वर आला. दुसरा हात मारला. तरी आला. खोबरेलाचा ताजा वास सुटला होता.

बाहेर आभाळ भरून आलं, त्यात लाइट गेली. भरदुपारी बराकीत अंधार झाला. लताबाई कंदील आणायला उठल्या. मागे घोंगडी सरकल्याचा आवाज आला. अक्काच असणार. मी भिंतीकडे तोंड ठेवूनच बादलीतून पुडकं काढलं आणि हात मागे केला.

कुणीतरी ते घेतलं. बोटं गार होती, तेलकट होती. आणि जराही थरथरत नव्हती.

हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. वळून पाहिलं. बराकीत कुणी नव्हतं. अक्का बाहेर मोरीपाशी ओकत होती, दोघीजणींनी तिला धरलं होतं.

पुडकं बादलीत नव्हतं. जमिनीवरही नव्हतं.

तिथे एक रीत होती. साडेपाचला बराक बंद करण्याआधी बायकांना दोघी-दोघींच्या जोडीनं बसवून मोजायचं. त्या दिवशी एकोणीस होत्या. अक्काशेजारी बसायला कुणी तयार नसे, म्हणून ती शेवटी एकटी बसली. पण उजवीकडे जागा सोडून, अंग चोरून. लताबाई काठी टेकवत जोड्या मोजत गेल्या आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "दहा जोड्या." वहीत मात्र एकोणीस लिहिले.

मी ब्रश गोळा करत होतो. चुकलात का, असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"एकटी कुणी उरली की जोडी भरतेच... धोंडाबाई म्हणून एक होती. हिच्यासारखीच, दारू सुटलेली. रात्रभर म्हणत होती, कुणीतरी शेजारी बसा. कुणी बसलं नाही. मीसुद्धा नाही. पहाटे गेली, याच भिंतीला टेकून."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. अक्का भिंतीला टेकून बसली होती. भाकरी खात होती. मी जवळ उकिडवा बसलो.

"रात्री लय थरथरले," ती म्हणाली. "ती बाई मला धरून बसली. वंजळीनं पाणी पाजलं. म्हनली, तुझ्या भावानं धाडलंय मला."

"आणि... बाटली?"

"मागितली मी. म्हनली, ती माझ्याजवळच ऱ्हाऊ दे."

अक्का सुटली. जीव वाचवायला मारलं, हे कोर्टानं मानलं. आता ती पंचवटीत माझ्याकडे असते, बाजारात भाजी विकते. थेंबाला शिवलेली नाही. जेवायला बसली की उजवीकडे जागा सोडते, आणि तिच्या मागच्या भिंतीवर डोक्याचे दोन डाग आहेत. एक तिचा. दुसरा कायम ओला. दर दिवाळीला मी घराला चुना मारतो तेव्हा तो डाग खरवडत नाही. भोवतीनं ब्रश फिरवतो आणि मनात हात जोडतो. माझ्या हातून घडणारं पाप त्या बाईनं माझ्याच हातातून काढून घेतलं. अक्का आहे ती तिच्यामुळे.

यंदा मात्र त्या डागाखाली, फरशीवर, एक लहान ओला गोल उमटलाय. पाव बाटलीच्या बुडाएवढा. पुसला की पुन्हा येतो.

त्याचा वास मी अजून घेतलेला नाही.