पहारेकरी आणि मोहरी

गिरगावातल्या त्या इमारतीचा जिना इतका अरुंद, की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला पाठ लावायचीच. त्या शनिवारी मनवा खाली उतरत होती. कानाला फोन होता आणि 'पहारेकरी' नावाच्या लेखकाचा यथेच्छ उद्धार चालला होता. वर येणाऱ्या माणसाने ओली छत्री अंगाशी ओढून वाट दिली.

"असं लिहिणाऱ्याला बायको असती ना," मनवा मैत्रिणीला सांगत होती, "तर दुसऱ्याच परिच्छेदाला तिने त्याचं पेन काढून घेतलं असतं."

तिचा फोन संपेपर्यंत तो माणूस तिथेच थांबला होता. "बायको नाही त्यांना," तो म्हणाला.

"तुम्ही ओळखता?"

"ओळखतो."

"कसे आहेत?"

"हट्टी," तो म्हणाला आणि वर गेला. जाताना हसला की काय, हे तिला नीट दिसलं नाही. ती रुखरुख तिला दादरला घरी पोचेपर्यंत पुरली.

मनवा रणपिसे त्याच इमारतीतल्या एका मराठी ख्रिस्ती मासिकाची पानं लावायची. घरचा धर्म बेताचा – रविवारी उपासना, नाताळला करंज्या, बाकी देव बघून घेईल. मासिकात भविष्यवाणीवर दोघे लिहीत. पहारेकरी कडक, राज्यं कशी कोसळतील, शेवटच्या काळाच्या खुणा कोणत्या, हे तो छडी आपटल्यासारखं सांगायचा. हल्ली तर त्याने लिहिलं होतं, की काळ थोडा उरला आहे, तरुणांनी लग्नाच्या भानगडीत पडू नये. दुसरा 'मोहरी'. तोही त्याच भविष्यवाण्या उलगडायचा, पण वाचणाऱ्याच्या शेजारी बसून. त्याचे लेख मनवा आईला मोठ्याने वाचून दाखवायची. ही खरी माणसं कोण, हे फक्त संपादक तात्यांना ठाऊक, आणि तात्यांच्या पोटातून गुपित काढणं म्हणजे वाळूतून तेल काढणं.

जिन्यातला माणूस निघाला अभय कसबे. परळच्या शाळेत भूमिती शिकवायचा आणि त्या शनिवारपासून दर शनिवारी मासिकाची मुद्रितं तपासायला येऊ लागला होता. सिनेमा बघायचा नाही, दारूला शिवायचा नाही, आणि खोटं तर चुकूनही नाही. एकदा तात्यांनी खूण केली, फोनवर सांग, मी बाहेर गेलोय. अभयने फोनवर शांतपणे सांगितलं, तात्या इथेच आहेत, पण बोलायचं नाही म्हणतात. मनवा टेबलाखाली वाकून हसली. पण त्या दिवसापासून, हा म्हणेल ते खरंच असणार, अशी तिची खात्री झाली. नापास होणाऱ्या पोरांना तो शाळा भरण्याआधी बोलावून शिकवतो, हे तात्यांकडून कळलं तेव्हा तर ती पुरती विरघळली.

ती त्याला चिडवायची. तुमच्या त्या हट्टी मित्राला सांगा, मोहरीकडून जरा माया शिकून घे म्हणावं. तो मान खाली घालून अनुस्वार लावत राहायचा – कानाच्या पाळ्या मात्र लाल.

श्रावणातल्या अंकाच्या वेळी मनवाची गडबड झाली. दोन लेखांवरची नावं तिने उलटी लावली. मोहरीच्या लेखावर पहारेकरी, पहारेकऱ्याच्या लेखावर मोहरी. अभयने पानं तपासली, एक हरवलेला स्वल्पविरामसुद्धा शोधला, आणि नावांना हात न लावता पानं परत दिली. नंतर चूक दिसली तेव्हा मनवा डोक्याला हात लावून बसली. ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, त्याला हे दिसलं नाही? की... दोन्ही नावं त्याला सारखीच?

पुढच्या शनिवारी तिने सरळ विचारलं. "पहारेकरीही तुम्हीच, मोहरीही तुम्हीच?"

बाहेर पाऊस कोसळत होता. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"होय."

तिला राग आला, हसूही आलं. नावं लपवली कशाला, असं तिने विचारलं. तो म्हणाला, वर्गात मला बघून मुलं उभी राहतात. पवित्र शास्त्रापुढे कुणी माझ्यासाठी उभं राहू नये. आणि दोन नावं का, तर धाक वाटतो तेव्हा एक लिहितो, आशा वाटते तेव्हा दुसरा.

"आणि लग्नाबद्दल दोघांतला खरा कोण?"

"त्या दिवशी जिन्यात भेटेपर्यंत पहारेकरी." तो थांबला. "मनवा, तुम्ही मला आवडता. फार आवडता. पण माझा लेख वाचून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मुलाने ठरलेलं लग्न मोडलं. आता मी टोपणनावाआड लपून गुपचूप संसार थाटू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. याच सचोटीवर तर ती भाळली होती, आणि तीच आता आडवी आली होती.

"शहराला वेढा पडलेला असताना बायबलातल्या एका संदेष्ट्याने शेत विकत घेतलं होतं," ती हळूच म्हणाली. "काळ थोडा आहे हे त्यालाही ठाऊक होतं. हे मला मोहरीनेच शिकवलं. लग्न कर माझ्याशी. फक्त लपू नकोस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. सगळ्यांसमोर सांगेन, असं त्याने वचन दिलं.

त्यांच्या मंडळीत लग्नाची सूचना तीन रविवार वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. पहिल्या रविवारी अभय उठला आणि नुसता खोकून खाली बसला. दुसऱ्या रविवारी उठलाच नाही. तिसऱ्या रविवारी मनवा त्याच्याकडेच बघत बसली. हा आज गप्प राहिला, तर नवरा मिळेल, पण तिने मनात धरलेला माणूस मिळणार नाही.

पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी आहे," अभय उभा राहून म्हणाला. सगळं चर्च मागे वळलं. "पहारेकरी या नावाने एकाने लिहिलं होतं, लग्न करू नका. तो मीच. तो लेख चुकला होता. ज्यांनी त्यापायी दुःख भोगलं, त्यांची मी क्षमा मागतो." एवढं बोलून, जे सांगायचं नव्हतं तेही त्याने सांगून टाकलं – मोहरीही मीच.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी तोंडाला रुमाल लावून रडत होती, आणि पलीकडच्या रांगेतला एक मुलगा तिच्याकडे बघत होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. वधूला विचारायची रीत नसते, तरी त्यांनी विचारलं, तुमचं काय म्हणणं?

मनवा उभी राहिली.

"मला दोघेही पसंत आहेत."

तात्या पहिल्या बाकावर मोठ्याने हसले आणि मग सगळं चर्च हसलं. अभय खाली बसायचंच विसरला.