कूलरचा प्लग आणि गांधीबागेचं ऊन

मे महिन्यातली नागपूरची दुपार, आणि कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला कूलर बंद! दुसऱ्या वर्षाच्या श्वेताने आत येताच बोर्डावरचा एक प्लग उपटला आणि तिथे कूलरचा खोचला. गार झोत अंगावर आला… अहाहा!

"अवं! काय केलं हे?"

कोपऱ्यातला मुलगा खुर्चीतून उडालाच. त्याचा स्क्रीन काळाठिक्कर पडला होता.

"कालपासून लाइटमॅप चालू होता माझा! संपतच आला होता…" तो मटकन खाली बसला. "आज संध्याकाळी स्पर्धेले गेम पाठवाचा आहे. वर्षभराची मेहनत गेली ना!"

श्वेताने जीभ चावली. हा संघपाल – तिसऱ्या वर्षाचा, कोराडीहून बसने येणारा. डोळे मात्र तिने आजच पाहिले. रागातही किती मऊ!

"दाखव ना गा, मले पाहू दे."

"तुले काय समजते त्यातलं?"

"पाहिल्यावर सांगते!"

तिने कॉम्प्युटरचा प्लग दुसऱ्या बोर्डात लावला आणि स्क्रीनवर त्याच्या गेममधली गांधीबागेची कापडगल्ली उभी राहिली. कुठे ऊन पडेल, कुठे सावली मुरेल, हे लाइटमॅपचं गणित कॉम्प्युटर आधीच करून ठेवतो, म्हणजे खेळताना गेम अडखळत नाही. पण या पठ्ठ्याने थानाच्या, म्हणजे कापडाच्या ताग्याच्या, प्रत्येक घडीवरचा उजेड बारीक मोजायला लावला होता. मागच्या फळीवरच्यासुद्धा! बंद शटरच्या आतल्यासुद्धा!

श्वेता खुदकन हसली. "आमचं दुकान आहे तिथं. माझे बाबा सगळेच थान उघडून बसत नाहीत गा! गिऱ्हाईक ज्याले हात लावते, तोच उघडाचा. बाकीच्यांची कड दिसली तरी पुरते."

संघपाल तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे… खेळणारा जिथून जाते, तिथंच बारीक…"

"मागं ढोबळ. अन् बंद दुकानात काहीच नाही!"

दोघं कामाला भिडले. माउसकडे दोघांचे हात एकदमच गेले… आणि कूलर असून गाल तापले.

मग स्क्रीनवरची प्रगतीची पट्टी सरकली, भराभरा सरकली! कँटीनचा समोसा संपायच्या आत गणित पूर्ण. ताडपत्रीच्या फटीतून ऊन लाल थानावर सांडलं आणि शेजारची पांढरी भिंत हलकीशी गुलाबी झाली.

"पाह्य ना वं… भिंत लाजून राहिली!" संघपाल कुजबुजला.

गेम वेळेत गेला. पुढे महिनाभर दोघं रोज भेटले. नव्या लेव्हलवरून भांडले, तर्री-पोह्यावर गोड झाले.

आणि एका संध्याकाळी बस स्टॉपवर त्याचा फोन वाजला. निकाल! त्याने वाचलं, पुन्हा वाचलं…

"पहिला नंबर! श्वेता, आपला पहिला नंबर!"

ती चक्क रस्त्यात नाचली. पाणीपुरीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"श्वेता… मले… म्हणजे तुले जर…" संघपाल अडखळला. तेवढ्यात बस आली. "कोराडी, कोराडी! चला लवकर!" कंडक्टर ओरडला.

श्वेताला आता कुणाचीच भीती वाटेना. "तू आवडतोस मले. बस्स, सांगून टाकलं!"

"अवं, मी तेच सांगून राहिलो होतो ना! तू बोलूच नाही दिलं!"

"मग आता बोल."

"ओ भाऊ, चढता का नाही?" कंडक्टरने विचारलं.

संघपालने मान न वळवताच हात हलवला. बस धूर सोडत निघून गेली, आणि तो बोलत राहिला… एकदाही न अडखळता.